मधुमेही वृद्धांचे कुपोषण व पोषण-आधार

मधुमेह असलेल्या वृद्ध व्यक्तीला गरजेइतकी ऊर्जा, प्रथिने व सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळत नसतील, तर आहारातील बदल, पूरक पोषण, औषधांतील फेरफार आणि व्यायाम यांनी ती तूट भरून काढण्याचा उपचार. मधुमेह म्हटले की स्थूल देह डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे मधुमेह्याचे शरीर झिजते आहे हे घरच्यांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही ध्यानात उशिरा येते. वजन उतरले, साखर आटोक्यात आली, की कौतुकच होते. उतारवयात प्रयत्न न करता घटलेल्या वजनाचे कारण मात्र शोधलेच पाहिजे.

या दुर्लक्षाला जुना इतिहास आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला टोचले गेले. त्यापूर्वी अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत प्रसिद्ध होती. तिने रुग्णाचे आयुष्य थोडे लांबे, पण देहाचा सापळा होई. इन्शुलिन आले आणि ती पद्धत मागे पडली. मधुमेह्याने तोंड आवळून राहावे ही समजूत मात्र टिकली.

कुपोषणाची कारणे सहसा एकात एक गुंतलेली असतात. वयाबरोबर भूक, चव व वास मंदावतात. दात पडलेले किंवा कवळी सैल असते. गिळताना ठसका लागतो. नैराश्य, स्मृतिभ्रंश आणि एकट्याने जेवण्याचा कंटाळा यांची त्यात भर पडते. दीर्घकाळच्या मधुमेहाने जठराच्या मज्जातंतूंना इजा झाली असेल तर अन्न पोटात रेंगाळते आणि चार घासांत पोट भरल्यासारखे वाटते. शिवाय इन्शुलिन साखर उतरवते तसेच स्नायूंची झीजही रोखते. ते कमी पडले किंवा त्याला शरीर दाद देईनासे झाले की स्नायू लवकर विरतात. म्हणून जाड दिसणारा वृद्धही कुपोषित असू शकतो: चरबी टिकते, मांड्या-दंड सुकतात आणि खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो.

निदानासाठी जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये मांडलेले ‘ग्लिम’ निकष वापरतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजनघट, कमी देहभारांक (उंचीच्या मानाने वजन) किंवा घटलेले स्नायू यांपैकी एक लक्षण, आणि त्यासोबत अपुरा आहार वा दाहकारक आजार यांपैकी एक कारण आढळले, तर कुपोषण मानतात. प्राथमिक चाळणीसाठी १४ गुणांची छोटी प्रश्नावली असते. ७ किंवा त्याहून कमी गुण कुपोषण दर्शवतात. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पातळीवर मात्र विसंबू नये. ते संसर्गाने व दाहानेही घटते.

आहाराची आखणी करताना सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे रोज ३० किलोकॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिने धरतात. आजारी वा कुपोषित व्यक्तीत प्रथिने १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत नेतात. ४५ किलोच्या व्यक्तीसाठी हे सुमारे १,३५० किलोकॅलरी व ५४ ते ६७ ग्रॅम प्रथिने होतात. मूत्रपिंडे गंभीर निकामी असून डायलिसिस चालू नसेल, तर प्रथिनांचे प्रमाण तज्ज्ञाने ठरवावे लागते. आकड्यांपेक्षा अवघड असते ते अन्न पोटात जाणे. थोडे-थोडे, वरचेवर आणि आवडीचे खाणे, मऊ पदार्थ, थोडक्या घासांत जास्त ऊर्जा देणारे तेल वा तूप, प्रत्येक जेवणात प्रथिने, हा त्यावरचा रस्ता. कडक पथ्य येथे सैल करावेच लागते. ‘एस्पेन’ या युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही मधुमेही वृद्धांना निर्बंधांचे आहार टाळण्याचाच आहे.

एवढ्याने भागले नाही तर पिण्याची पूरक पेये देतात: दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी व ३० ग्रॅम प्रथिने, निदान महिनाभर. ती दोन जेवणांच्या मध्ये द्यावीत, नाहीतर पेय पोटात जाते आणि जेवण ताटात राहते. हळूहळू पचणारी कर्बोदके व एकअसंतृप्त स्निग्धे असलेली मधुमेहींसाठीची पेये जेवणानंतरची साखर कमी चढवतात. ती मिळाली नाहीत म्हणून पूरक पोषण अडवून धरण्याचे कारण नाही.

साखर चढली तर ताट कमी करण्याऐवजी औषध बदलावे, हा या उपचाराचा कणा आहे. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या व इन्शुलिन यांमुळे जेवण चुकलेल्या वृद्धाची साखर धोकादायकरीत्या उतरते. पडणे व हाड मोडणे त्यातूनही घडते. मेटफॉर्मिनने भूक मंदावू शकते, दीर्घ वापराने ब-१२ जीवनसत्त्व घटते. जीएलपी-१ गटाची औषधे तर भूक मारूनच वजन उतरवतात. एसजीएलटी-२ गटाच्या औषधांनी लघवीवाटे साखर, म्हणजेच ऊर्जा, वाहून जाते आणि खाणे घटलेले असताना कीटोनआम्लता (रक्तात आम्ल साचण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकते. पण याच गोळ्या हृदय व मूत्रपिंडे जपतात, त्यामुळे त्या थांबवण्याचा निर्णय सोपा नसतो. अनेक व्याधी असलेल्या वृद्धात एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८ टक्क्यांच्या आत असणे पुरेसे मानतात. फारच अशक्त रुग्णात या आकड्यामागे न लागता साखर अति उतरणे व अति चढण्याचा त्रास टाळणे एवढेच पाहतात. रक्तक्षय असल्यास ही तपासणी चकवतेही.

स्नायू परत यायचे तर प्रथिनांना प्रतिकार-व्यायामाची, म्हणजे स्नायूंवर भार देणाऱ्या व्यायामाची, जोड हवी. खुर्चीतून वारंवार उठणे-बसणे हीसुद्धा सुरुवात ठरते.

फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न देणे घातक ठरू शकते. इन्शुलिन उसळते, फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णाला आधी थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन, क्षारांवर लक्ष ठेवत आहार हळूहळू वाढवतात. गिळता येत नसल्यास नळीने पोषण देता येते, पण शेवटच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंशात त्याने आयुष्य वाढल्याचे दिसत नाही. तेथे हाताने, सवडीने भरवण्यालाच पसंती देतात.