श्वासाचा लगाम पोटाच्या भिंतीत

"गायचं, फुंकायचं असेल तर उभं राहा. बसलं की फुफ्फुसं दबतात." हे वाक्य मी शिकवणाऱ्यांकडून ऐकलं, शिकणाऱ्यांकडून ऐकलं, आणि हल्ली अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंतून तर रोजच ऐकतो. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं असतं, "श्वास पोटात घ्या." दोन्हींत थोडं तथ्य आहे. ते नेमकं कुठे आहे हे शोधायला गेलं, की शरीरातली एक फार देखणी यंत्रणा हाती लागते.

मी बासरी वाजवतो. हौशी आहे, पण रियाज चुकवत नाही. मागे एका छोट्या कार्यक्रमात मला एकट्याने वाजवायचं होतं. बसायला मिळाली मऊ, खोलगट खुर्ची. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर आले. घरी उभं राहून एका दमात होणारी ओळ तिथे तीन वेळा मधेच तुटली. चारचौघांत वाजवताना श्वास संपला तर शेजारचा सूर धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एकट्याचा श्वास तुटला की सूर तुटतो आणि सगळ्यांना कळतो. मध्यंतरानंतर मी खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर सरकलो, खाली घडी घातलेली शाल ठेवली, आणि तीच ओळ पूर्ण झाली. तेव्हाही मी बसलेलोच होतो. बसल्यामुळे फुफ्फुसं दबत असतील तर हे झालं कसं?

फुफ्फुसांत किती हवा मावते हे मोजण्याची खटपट जुनी आहे. जॉन हचिन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८४६ मध्ये दोन हजारांहून जास्त माणसांची मोजमापं प्रसिद्ध केली. पाण्यावर तरंगणारा उपडा डबा, त्यात फुंकर मारायची आणि डबा किती वर उचलला गेला ते पाहायचं, असं त्याचं यंत्र होतं. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडल्यावर जेवढी हवा बाहेर येते तिला 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव त्यानेच दिलं. शरीराची ठेवण बदलली की हा आकडा बदलतो. आडवं झाल्यावर तो चांगलाच घटतो. पण निरोगी माणूस उभा असताना आणि ताठ बसलेला असताना यांतला फरक शेकडा एक-दोनच भरतो. चार लिटरमागे ४० ते ८० मिलिलिटर. एवढ्याशा हवेने माझी ओळ तुटली नसती.

हवा आत किती गेली हे इथे गौण आहे. गेलेली हवा बाहेर कशी पडते, तिथे सगळी मेख आहे.

शाळेत शिकलेलं थोडं आठवू या. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा पातळ स्नायू असतो. तो आकसला की घुमट सपाट होत खाली येतो, बरगड्या बाहेर आणि वर सरकतात, आणि हवा आत येते. हवा पोटात कधीच जात नाही. श्वासपटल खाली उतरताना जठर, यकृत, आतडी यांना खाली ढकलतं, त्यांना जायला जागा नसते म्हणून पोट पुढे येतं. 'पोटात श्वास घ्या' म्हणणाऱ्याला जे दिसतं ते खरं आहे, त्याचा अर्थ तेवढा चुकतो.

आता श्वास सोडण्याकडे वळू. पूर्ण भरलेली छाती ताणलेल्या रबरासारखी असते. छाती भरून घ्या, ओठ घट्ट मिटा आणि बाकी सगळे स्नायू सैल सोडा. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतका जास्त होतो. सेंटिमीटर पाणी हे दाबाचं एकक विचित्र वाटेल, पण ते सोपं आहे. उभ्या नळीतलं पाणी जेवढं वर चढेल तेवढा दाब. साध्या बोलण्याला पाच ते दहा सेंटिमीटर पुरतात, हळुवार सुरालाही साधारण तेवढेच. म्हणजे लांब ओळीच्या आरंभी आपल्याकडे गरजेच्या तिप्पट-चौपट दाब असतो, तोही फुकटचा. तो तसाच सोडला तर सूर फुटेल आणि हवा काही सेकंदांत संपेल. म्हणून गाणाऱ्याला पहिल्या काही क्षणांत ब्रेक लावावा लागतो. हा ब्रेक लावतात श्वास *घेण्याचे* स्नायू! आपण सूर सोडत असतो, हवा बाहेर जात असते, आणि बरगड्या उचलणारे स्नायू अजून वरच्या बाजूला ओढत असतात. आरेंड बाउहॉइस, डोनाल्ड प्रॉक्टर आणि जेरी मीड यांनी १९६६ मध्ये गायकांची मोजमापं करून ही गोष्ट नीट मांडली. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ताबडतोब बासरी उचलून एक लांब सूर धरला होता आणि दुसरा हात बरगड्यांवर ठेवला होता. सूर चालू असताना बरगड्या खरोखरच फुललेल्या राहतात.

हवा कमी होत जाते तशी रबराची ओढही कमी होते. एका टप्प्यावर ती शून्य होते. आपण सहज श्वास सोडून थांबतो तो हा टप्पा. त्याच्या खाली गेलं की छाती उलट फुलायला बघते, आणि तिथून पुढचा प्रत्येक सेंटिमीटर दाब पोटाच्या स्नायूंना दाबून काढावा लागतो. लांब ओळीचा आरंभ ब्रेकवर चालतो, शेवट रेट्यावर, आणि मधली देवाणघेवाण ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

शरीराची ठेवण या हिशेबात येते ती गुरुत्वाकर्षणामुळे. पोट ही भौतिकशास्त्राच्या नजरेने पाण्याने भरलेली पिशवी आहे. आतडी आणि इतर अवयव मऊ असतात, दाबाच्या बाबतीत जवळजवळ द्रवासारखे वागतात. विहिरीत खाली जावं तसा दाब वाढतो, तसंच इथेही. उंचीच्या दर सेंटिमीटरला सुमारे एक सेंटिमीटर पाणी. उभ्या माणसाच्या पोटाची उंची २५ सेंटिमीटर धरली तर श्वासपटलाच्या लगेच खालचा दाब आणि ओटीपोटातला दाब यांत साधारण २५ सेंटिमीटर पाण्याचा फरक पडतो. वरच्या टोकाला ही पिशवी श्वासपटलाला लोंबकळते आणि त्याला खाली ओढते. ब्रेक लावणाऱ्या स्नायूंना ही आयती मदत. खालच्या टोकाला ती पोटाच्या भिंतीवर बाहेरच्या दिशेने रेलते, म्हणून ती भिंत सतत थोडी ताणलेली ठेवावी लागते. आडवं झालं की पिशवी कलंडते, अवयव श्वासपटलाला वर रेटतात आणि शून्याचा टप्पाच अर्धा ते एक लिटर खाली घसरतो.

पोटाची ही ताणलेली भिंत मला सगळ्यांत आवडते. ती नुसती झाकण नाही. पोट आवरून धरलेलं असलं की श्वासपटल खाली येताना अवयवांवर टेकतं आणि त्या टेकूवर खालच्या बरगड्या बाहेर उचलतं. भिंत सैल असली तर टेकूच सरकतो, पोट पुढे येतं आणि बरगड्या तेवढ्या फुलत नाहीत. याचा पुरावा एका दुःखद ठिकाणी मिळतो. मानेच्या मणक्यात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे पोटाचे स्नायू लुळे पडतात, श्वासपटल मात्र बहुतेकदा चालू राहतं. या रुग्णांत आपल्या उलट घडतं. आडवं असताना त्यांची व्हायटल कपॅसिटी जास्त आणि बसवल्यावर कमी होते. भिंत नसल्याने बसल्यावर पोट ओघळतं, श्वासपटलाचा घुमट आधीच सपाट होतो आणि त्याला खाली यायला वाव उरत नाही. पोटाला पट्टा आवळला की बसल्यावरचा आकडा सुधारतो. लुळ्या भिंतीचं काम पट्टा करतो.

वाजवणाऱ्यांवरही असा अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉनवेन ॲकरमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ११३ फुंकवाद्य वादकांना चार प्रकारे वाजवायला लावलं. उभं राहून, सपाट बैठकीवर, पुढे कललेल्या बैठकीवर आणि मागे कललेल्या बैठकीवर. छाती-पोटाभोवती पट्टे बांधून फुगवटा मोजला, पोटाच्या स्नायूंचे विद्युत संकेतही टिपले. उभं असताना छाती जास्त फुलली, पोट कमी फुगलं. बसल्यावर पोटाच्या स्नायूंचं काम उभं असतानाच्या दोन तृतीयांशावर आलं, बैठक कशीही कलवली तरी. आकडे पिशवीच्या चित्राशी कसे तंतोतंत जुळतात पाहा. बसल्यावर मांड्या आणि आसन पिशवीला खालून आधार देतात, भिंत ढिली पडते, पोट पुढे येतं. वादकांना स्वतःला उभं राहून वाजवणंच जास्त पसंत पडलं.

प्रत्येक वाद्याचं गणित यात वेगळं. बासरीला दाब कमी आणि हवा भरपूर लागते, त्यामुळे तिच्यात ब्रेकचं काम मोठं. ओबोला चिंचोळ्या पत्तीतून फुंकायचं असल्याने दाब जास्त आणि हवा थोडी. ट्रम्पेटच्या जोरकस उंच सुरांना तर शंभर सेंटिमीटरच्या वर दाब लागतो. तिथे रबराचे ३० कुठेच पुरत नाहीत, पहिल्या क्षणापासून पोटाचा रेटा हवा. म्हणून ट्रम्पेटवाला उभं राहण्याबद्दल जे सांगतो ते बासरीवाल्याला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

मग माझ्या खुर्चीत काय झालं होतं? मांडीच्या मागचे स्नायू बसण्याच्या हाडांना, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कटोऱ्याला जोडलेले असतात. मांडी जसजशी वर येते तसतसे ते ताणले जातात आणि कटोरा मागे उलथवतात. कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, वरचं धड पुढे झुकतं, बरगड्या कटोऱ्याकडे घसरतात. जे. जे. कीगन या अमेरिकन सर्जनने १९५३ मध्ये वेगवेगळ्या ठेवणींतल्या माणसांचे क्ष-किरण फोटो काढून दाखवलं, की धड आणि मांडी यांत सुमारे १३५ अंशांचा कोन असताना कमरेचा बाक सगळ्यांत सहज राहतो. काटकोनात बसलं की तो कमी होतो. खोलगट खुर्चीत माझा कोन काटकोनापेक्षाही लहान होता, मांड्या पोटाला खालून वर दाबत होत्या. पिशवी लोंबकळायची तर राहिलीच, ती श्वासपटलाला वर रेटत होती. आयता ब्रेक गेला आणि ओळीच्या पहिल्या दोन सेकंदांतच हवा उधळली. शालीच्या घडीने बसण्याची हाडं चार बोटं उंच झाली, गुडघे कमरेच्या खाली गेले, कटोरा सरळ झाला. बाकी सगळं आपोआप.

चेलो किंवा पियानो वाजवणाऱ्याला बसण्यावाचून पर्याय नसतो, आणि त्यांचा श्वास वाद्यात जातही नाही. तरी त्यांचे हात खांद्यांना, खांदे बरगड्यांना आणि बरगड्या याच कटोऱ्यावर तोलल्या आहेत. उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल पियानोवादक इतक्या काळजीने फिरवून घेतात ते याचसाठी. व्हायोलिनचे एकल वादक बहुधा उभे असतात. त्यांना गुडघे आणि घोटे मोकळे मिळतात, श्वासाबरोबर शरीर जे अगदी बारीक डोलतं ते तिथे मुरतं.

उभं राहण्याचीही किंमत आहे. उभं राहताच अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे आणि ओटीपोटाकडे उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून ते रक्त वर ढकलत राहतात, निश्चल उभं असताना हा पंप बंद पडतो. गायकवृंदात तासभर उभी असलेली एखादी व्यक्ती भोवळ येऊन पडते ती यामुळे. अशा वेळी 'दृष्ट लागली' म्हणून काहीतरी ओवाळत बसू नये. आडवं झोपवावं आणि पाय उंच करावेत. पुढच्या वेळी उभ्या-उभ्या टाचा उचलत राहावं, पोटऱ्या हलत्या ठेवाव्यात.

'बसणं हेच नवं धूम्रपान' असल्या घोषणा करून पाठ ताठ ठेवणारे पट्टे विकले जातात, त्याबद्दलही बोललं पाहिजे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर तो उभं असण्यापेक्षा बराच जास्त आढळला, आणि ते चित्र दशकानुदशकं भिंतींवर टांगलं गेलं. १९९९ मध्ये जर्मनीच्या हान्स-योआखिम विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत संवेदक बसवून दिवसभर मोजलं, तेव्हा सैलसर बसण्यातला दाब उभं असण्यापेक्षा किंचित कमीच निघाला. एका माणसाचं मोजमाप म्हणजे अंतिम शब्द नव्हे, पण पट्टा विकणाऱ्याच्या छातीठोकपणाला आधार नाही एवढं त्यावरून कळतं. निरोगी वादकाने खालच्या बरगड्यांवर पट्टा आवळणं म्हणजे जो भाग फुलायला हवा तोच बांधून टाकणं.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवून हे घरी करून पाहा. दोन्ही हात कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या बाजूंना ठेवा. पूर्ण श्वास घ्या आणि दातांमधून एकसारखा 'स्स्स' सोडा. आधी उभं राहून, मग खुर्चीच्या कडेवर गुडघे खाली ठेवून, मग सोफ्यात रुतून. दर वेळी मधे दोन मिनिटं थांबा. माझे पहिले दोन आकडे जवळजवळ सारखेच येतात, तिसरा थोडा कमी. पण लक्ष हातांकडे असू द्या. उभं असताना आणि कडेवर बसलेलं असताना बरगड्या हातांना बाहेर ढकलून धरतात आणि सावकाश आत येतात. सोफ्यात त्या पहिल्या तीन-चार सेकंदांतच कोसळतात, आणि तिथून पुढे 'स्स्स' थरथरायला लागतो.