सायकलला गाडीने ठोकलं तर मुंबईत काय करायचं: एफआयआर, उपचार, भरपाई आणि लागणारी कागदपत्रं

मुंबईत सायकल म्हटलं की बऱ्याच जणांना रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर हेल्मेट घालून निघालेला ग्रुप आठवतो, पण रोज पहाटे रस्त्यावर असतात ते पाववाले, दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, रात्री थर्मास लावून चहा विकणारे आणि दुपारचे डबेवाले. यातल्या कितीतरी जणांना गाडी लागते, गाडीवाला पाचशे-हजार हातात टेकवतो, आजूबाजूचे म्हणतात जाऊ दे रे, लागलं नाही ना जास्त, आणि विषय मिटतो. मग तिसऱ्या दिवशी एक्सरेत फ्रॅक्चर निघतं आणि हातात एकही कागद नसतो. सायकलवाल्याला कायद्याने भरपूर हक्क दिलेत, पण ते मिळतात कागदावर आणि ते कागद पहिल्या एक-दोन दिवसांतच तयार व्हावे लागतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी पात्रतेचं बघू, कारण इथेच लोकांना घाबरवलं जातं. तुझ्याकडे लायसन नाही, इन्शुरन्स नाही, तुला काय मिळणार, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सायकलला लायसन, आरसी, इन्शुरन्स काहीच लागत नाही. इन्शुरन्स लागतो तो ठोकणाऱ्या गाडीला, मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि सायकलवाला म्हणजे तीच थर्ड पार्टी. हेल्मेट नव्हतं म्हणूनही दावा बुडत नाही, सायकलला हेल्मेटची सक्तीच नाही. हां, राँग साइडने येत असाल किंवा सिग्नल तोडला असेल तर तुमचीही चूक धरून रक्कम कमी होऊ शकते. बॅटरीवाली सायकल असेल तर मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेपर्यंत ती मोटार वाहनात धरत नाहीत, त्याच्या वरची असेल तर मात्र रजिस्ट्रेशन आणि विमा दोन्ही लागतं.

रस्त्यावर पहिलं काम ११२ ला फोन, अँब्युलन्स हवी असेल तर १०८. ११२ चा फोन पोलिसांकडे नोंदला जातो आणि अपघाताची वेळ तिथेच पक्की होते, म्हणून कोणी मित्र न्यायला येणार असला तरी हा फोन कराच. नंतर गाडीचा नंबर, शक्यतो प्लेटचा फोटो. सायकल उचलायच्या आधी ती जशी पडलीय तसा फोटो, रस्त्याचा फोटो, जवळच्या बसस्टॉपचं नाव किंवा विजेच्या खांबाचा नंबर, म्हणजे जागा नक्की सांगता येते. समोर कुठल्या दुकानावर किंवा सोसायटीच्या गेटवर कॅमेरा आहे ते बघून ठेवा, कारण खाजगी कॅमेऱ्याचं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं आणि पोलिसांना लेखी सांगितलंत की अमुक दुकानाचं फुटेज घ्या, तरच ते वेळेत घेतलं जाण्याची शक्यता. पाहिलेल्या एक-दोघांचे फोन नंबर मागून घ्या. लोक घाबरतात, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणतात, त्यांना सांगा की कलम १३४ अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची जबरदस्तीही त्याच्यावर करता येत नाही. गाडीवाल्याची मात्र जबाबदारी आहे, जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, कलम १३४. तो मांडवली करू म्हणाला आणि पैशाची खरंच गरज असली तरी "माझी काही तक्रार नाही" असं काहीही लिहून देऊ नका.

आता हॉस्पिटल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. केसपेपर काढताना विचारतात काय झालं, माणूस दुखण्यात असतो, बरोबर आलेला घाईत म्हणतो "सायकलवरून पडला", आणि डॉक्टर तेच लिहितात. पुढे दाव्यात विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर पुढे करतो की बघा, हा तर आपला आपण पडला, आमच्या गाडीचा संबंध काय. म्हणून स्पष्ट सांगायचं की रस्त्यावर अमुक गाडीने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबर, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, करा म्हणायचं. केसपेपरवर आरटीए म्हणजे रस्ता अपघात असं लिहिलंय का ते वाचून घ्या, नसेल तर तिथल्या तिथे सांगा, डिस्चार्जनंतर बदलणं अवघड जातं. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी, जेजे अशा पालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलात एमएलसी नेहमीचंच काम आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये टाळाटाळ करतात आणि दुसरीकडे जा म्हणतात, तिथे प्राथमिक उपचार घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेलात तरी चालेल, पण दोन्हीकडचे कागद जपा.

खर्चाचं म्हणाल तर ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू झालीय, मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ता अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत. जवळचं हॉस्पिटल कुठलं ते ११२ वर विचारता येतं. यात अपघात खरा असल्याची खात्री पोलिसांनी पोर्टलवर करायची असते, म्हणजे पुन्हा पोलिसांकडे नोंद हवीच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दाखवायचं.

पोलीस स्टेशन कुठलं? जिथे अपघात झाला तिथलं. ट्रॅफिक चौकीत एफआयआर होत नाही, ती लोकल पोलीस स्टेशनलाच होते. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवली जाणारी एफआयआर, मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे, ऑनलाइन तक्रारही देता येते पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बऱ्याचदा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, किंवा डायरीत नोंद करून पाठवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि १२५, म्हणजे त्यातून दुखापत होणं, हे दोन्ही दखलपात्र आहेत, त्यामुळे एफआयआर मागायचा तुमचा हक्क आहे. तरी घेतली नाही तर त्या परिमंडळाच्या डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना, लेखी अर्ज पाठवायचा, पोच ठेवायची, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात सायकलचं नुकसान लिहून घ्या, नाहीतर सायकलचे पैसे मागताना अडचण. सायकल मुद्देमाल म्हणून जमा केली तर कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, परत मिळते, ज्याचं पोट त्या सायकलवर आहे त्याने हा अर्ज लगेच करावा.

एफआयआर झाली की पुढचं बरंचसं काम नियमाने पोलिसांचंच आहे आणि हे फार कमी लोकांना माहिती असतं. २०२२ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, द्यायचा, १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म २ द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. हा फॉर्म २ मागा, लाजू नका.

भरपाईचा अर्ज याच ट्रिब्युनलमध्ये, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात मुंबईत झाला पण तुम्ही ठाण्याला किंवा वसईला राहता, तर राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्येही करता येतो. मुदत अपघातापासून ६ महिने आहे, या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज जखमी स्वतः, मृत्यू झाला असेल तर वारस, लहान मूल असेल तर आईवडील करतात. कागद लागतात ते एफआयआर, पंचनामा, एमएलसी किंवा इंज्युरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, सगळी ओरिजिनल बिलं अगदी रिक्षा-टॅक्सीच्या खर्चासकट, अपंगत्व आलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट, आधार, बँक पासबुक, गाडीची आरसी आणि विम्याचे तपशील. गाडीच्या नंबरवरून विमा चालू आहे का ते एम-परिवहन अॅपवर बघता येतं. उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगार स्लिप किंवा रिटर्न, आणि पाववाल्याकडे हे काही नसणार, तर बेकरीमालकाचं पत्र, फोनवरच्या पेमेंटच्या नोंदी, बँक स्टेटमेंट. काहीच नसलं तरी दावा फेटाळला जात नाही, ट्रिब्युनल अंदाजे उत्पन्न धरतं. मृत्यू झाला असेल तर पोस्टमार्टेम रिपोर्ट आणि वारसांचे कागद.

यात त्याच कायद्याचं कलम १६४ वेगळं आहे, तिथे चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, त्यामुळे दुखापत मोठी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. गंभीर म्हणजे काय, तर हाड किंवा दात मोडणं त्यात येतं, १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न करता येणं हेही येतं. नुसतं बोटाचं फ्रॅक्चर असलं तरी गंभीर आहे.

गाडी पळून गेली आणि नंबर मिळालाच नाही तर हिट अँड रन योजना, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज फॉर्म १ मध्ये, सोबत फॉर्म ४ चं हमीपत्र, एफआयआर, इंज्युरी किंवा पोस्टमार्टेम रिपोर्ट, हॉस्पिटलची बिलं, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पासबुकची कॉपी. अपघात जिथे झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला द्यायचा, मंजुरी कलेक्टर देतात. माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे फोर्टचं ऑफिस, त्याच्या पुढे उपनगर जिल्हा, म्हणजे वांद्रे पूर्व, आणि उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके. नंतर गाडी सापडली आणि भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

गाडी नव्हतीच, खड्ड्यात चाक गेलं किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडलात, तरी आता मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश दिला की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे, निर्णय पालिका आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती घेणार, रक्कम दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत. इथे खड्ड्याचा फोटो तुमचा जीव की प्राण आहे, कारण तो रातोरात बुजवला जातो. बाजूला काहीतरी ओळखीचं दिसेल असा, लांबून आणि जवळून, त्याच दिवशी काढा आणि पालिकेच्या १९१६ वर तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवा.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख, आणि ही वरच्या भरपाईपेक्षा वेगळी मिळते. पासबुक घेऊन त्याच ब्रँचला जा, तिथेही एफआयआरची कॉपी मागतात.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना. फोन १५१००. जाताना एफआयआर आणि केसपेपरच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, ओरिजिनल कोणाकडेही सोडू नका.