कोडिंग येत नाही, म्हणजे आयटी बंद?

सांगली-मिरजेत बीबीए, बीकॉमच्या मुलांना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्रोग्रामर व्हायचं तर कोडिंग लागतंच, तिथे पळवाट नाही.

पण जीएसटीचं सॉफ्टवेअर घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक झालं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या बिलात अडत, हमाली, तोलाई कुठे आणि कशी धरायची, हे प्रोग्रामरला कोण समजावणार? ज्याला हिशेब कळतो तोच. हेच बिझनेस अॅनालिस्टचं काम. सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फायनान्स मॉड्यूलवरही कॉमर्सची माणसं असतात.

एक्सेल मात्र पक्कं हवं, डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल भाषेची तोंडओळखही. आणि सुरुवात बहुधा सपोर्ट किंवा इम्प्लिमेंटेशनपासूनच (ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून देण्यापासून) होते, हेही सांगून टाकतो.