शिखरावर पोहोचलेला समुद्रतळ: सायप्रस बेटाची घडण आणि इतिहास

सायप्रस बेटाच्या मध्यावर पसरलेला ट्रूडोस पर्वत पायथ्यापासून चढू लागले, की खडकांचा क्रम उलटा लागत जातो. पायथ्याच्या टेकड्यांमध्ये समुद्राच्या तळावर थिजलेला लाव्हा दिसतो. त्याच्या वर, डोंगराच्या मध्यभागी, त्या लाव्ह्याला शिलारस पुरवणाऱ्या भेगा जिथल्या तिथे गोठलेल्या आढळतात. आणि १,९५२ मीटर उंचीच्या ऑलिंपस शिखराच्या परिसरात, जेथे हिवाळ्यात लोक स्कीइंगसाठी जमतात, तेथे पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा खडक उघडा पडला आहे. एके काळी समुद्रतळाखाली कित्येक किलोमीटर खोल असलेला हा थर आज बेटावरचा सर्वांत उंच थर आहे. भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनिया यांच्याखालोखाल मोठे असलेले हे ९,२५१ चौरस किलोमीटरचे बेट भूवैज्ञानिकांना एवढे प्रिय का, याचे उत्तर या उलट्या क्रमात आहे.

ट्रूडोसचे खडक सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी टेथिस महासागरात तयार झाले. हाच तो महासागर, ज्याच्या तळाचे अवशेष हिमालयातही सापडतात. महासागराचा तळ दुभंगून दोन बाजूंना सरकतो, मधल्या फटीत खालून शिलारस चढतो, थोडासा वर वाहून पाण्यात थिजतो आणि उरलेला फटीतच गोठतो. पाण्यात वाहणाऱ्या लाव्ह्याची कातडी तत्काळ कडक होते, आतला रस ती फोडून पुढे फुगा काढतो, आणि अशा फुग्यांवर फुगे रचले जाऊन उशांच्या ढिगासारखा खडक तयार होतो. सह्याद्रीचा पायऱ्या-पायऱ्यांचा बेसाल्ट पाहिलेल्या मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल. दख्खनचा लाव्हा बहुतांशी उघड्या जमिनीवर पसरला, म्हणून त्याचे सपाट थर झाले. ट्रूडोसचा लाव्हा पाण्याखाली ओतला गेला, म्हणून त्याच्या उशा झाल्या.

या उशांपेक्षाही बोलका पुरावा, मूळ समुद्रतळात त्यांच्या खाली असलेल्या आणि आज डोंगराच्या मध्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात आहे. तेथे उभ्या भिंतींसारखे खडक, ज्यांना भूविज्ञानात डाइक म्हणतात, एकमेकांना इतके चिकटून उभे आहेत की त्यांच्यामध्ये दुसरा खडक जवळजवळ उरलेलाच नाही. महाराष्ट्रातही डाइक आहेत, परंतु ते आधीच्या खडकात अधूनमधून घुसलेले दिसतात; येथे मात्र डाइकच्या पोटात डाइक घुसला आहे. गरम रस भेगेत शिरला, की दोन्ही कडांना तो लवकर थंड होतो आणि तेथे बारीक कणांची पट्टी तयार होते. त्यानंतरची भेग त्याच्या बरोबर मधून पडली, तर जुन्या डाइकचे दोन अर्ध होतात, आणि प्रत्येक अर्धाला बारीक कणांची कड एकाच बाजूला उरते. ट्रूडोसमध्ये असे एका कडेचे डाइक मोठ्या संख्येने मिळतात. जमीन सतत मधून फाटत आणि दोन बाजूंना सरकत राहिल्याशिवाय असा खडक घडण्याचा मार्ग नाही.

इयन गॅस या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १९६८ साली, ट्रूडोस हा जुन्या समुद्रतळाचा तुकडा असावा, असा विचार मांडला. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा नुकता आकार घेत होता आणि समुद्रतळ पाहायचा तर जहाजावरून यंत्रे सोडण्यावाचून उपाय नव्हता; येथे तर हातोडी घेऊन त्यावरून चालता येत होते. १९७१ साली एल्ड्रिज मूर्स आणि फ्रेड व्हाइन यांनी या पर्वताची तपशीलवार मांडणी केली. १९७३ साली अकिहो मियाशिरो या जपानी शास्त्रज्ञाने मात्र लाव्ह्याच्या रासायनिक घटकांवर बोट ठेवून हा मध्यसागरी कण्याचा, म्हणजे महासागराच्या मधोमध तळ दुभंगत असलेल्या डोंगररांगेचा, भाग नसल्याचे सांगितले, आणि त्यावर मोठा वाद पेटला. आज बहुतेक अभ्यासक मधला मार्ग स्वीकारतात: समुद्रतळ येथे दुभंगत होता हे खरे, पण ते घडत होते एका भूपट्टाखाली दुसरा भूपट्ट बुडत असलेल्या जागेच्या वर. ज्याच्या निरीक्षणाने आधी सर्वांची अडचण केली, त्याचेच म्हणणे अखेर पुष्कळसे टिकले.

हा तुकडा वर कसा आला, याचे कारण पाणी हे आहे. प्रावरणाच्या खडकातील ऑलिव्हिन या खनिजात पाणी मुरले, की त्याचे सर्पेंटाइन बनते. ते फुगते आणि आधीपेक्षा बरेच हलके होते. दक्षिणेकडून आफ्रिकेचा भूपट्ट खाली रेटा देत असताना हा हलका झालेला खडक घुमटासारखा वर चढत गेला, माथ्यावरचे थर झिजून वाहून गेले, आणि कांद्याचा वरचा भाग कापावा तसे आतले थर उघडे पडले. म्हणून सर्वांत खोलचा खडक मधोमध, माथ्यावर आहे. त्याच सर्पेंटाइनच्या शिरांमधून अ‍ॅस्बेस्टॉस निघत असे. शिखराजवळची अमियांटोस येथील खाण १९८८ साली बंद झाली आणि तिचे उघडे उतार आता माती व झाडे घालून झाकले जात आहेत.

दुभंगणाऱ्या समुद्रतळाने बेटाला आणखी एक गोष्ट दिली, आणि तिने बेटाचे नशीब ठरवले. भेगांमधून खाली झिरपलेले समुद्राचे पाणी तापून, खडकातील धातू विरघळवून पुन्हा वर येते आणि थंड पाण्यात शिरताच आपला भार टाकून देते. १९७९ साली प्रशांत महासागराच्या तळाशी असे काळा धूर ओकणारे झरे प्रत्यक्ष सापडले, तेव्हा सायप्रसमधील तांब्याच्या खनिजांचे मूळ लक्षात आले. पुढे त्या खनिजांत झऱ्यांभोवती राहणाऱ्या कृमींच्या नळ्यांचे जीवाश्मही मिळाले. खनिज उघड्यावर आले, की त्यातील लोह गंजून लाल-पिवळ्या मातीची टोपी तयार होते. रंगीत टेकडी दिसली की खाली खणावे, हे प्राचीन खाणकामगारांना भूविज्ञान न शिकताच उमगले असणार.

रोमन लोक तांब्याला ‘सायप्रसचा धातू’ म्हणत. त्यावरून लॅटिन ‘कुप्रम’ हा शब्द आला आणि रसायनशास्त्राच्या तक्त्यात ‘सीयू’ हे चिन्ह उरले. बेटाची ही ख्याती रोमनांच्या कितीतरी आधीची होती. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील मातीच्या पाट्यांमध्ये अलाशिया नावाच्या देशाच्या राजाची पत्रे आहेत. तांबे कमी पाठवल्याबद्दल रागावू नकोस, देवाच्या कोपाने माझी माणसे मेली आणि तांबे गाळायला कोणी उरले नाही, असे तो फेरोला कळवतो. अलाशिया म्हणजे सायप्रसच का, यावर विद्वान दीर्घकाळ भांडले. अखेर पाट्यांच्या मातीचीच तपासणी झाली आणि ती ट्रूडोसच्या पायथ्याच्या मातीशी जुळली. राजाने काय लिहिले, यापेक्षा त्याने ते कशावर लिहिले, हे अधिक निर्णायक ठरले.

त्याच काळाच्या सुमारास तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे एक मालवाहू जहाज बुडाले. १९८२ साली समुद्रातील स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला ते दिसले. जहाजात सुमारे १० टन तांबे आणि साधारण १ टन कथील होते, म्हणजे कांसे ओतण्यासाठी जवळपास बेतलेले प्रमाण. तांब्याच्या बहुतेक लगडी ताणून सुकवलेल्या बैलाच्या कातड्याच्या आकाराच्या, चार कोपऱ्यांना धरून उचलता येतील अशा होत्या, आणि त्यांतील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण सायप्रसच्या खनिजांशी जुळते.

एवढे तांबे गाळायला कोळसा लागे आणि कोळशाला जंगल. बेटावर प्राचीन काळची सुमारे ४० लाख टन धातुमळी, म्हणजे धातू गाळून उरलेला टाकाऊ भाग, पडून असल्याचा अंदाज आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचे म्हणणे भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवून ठेवले आहे: मैदानांवर इतके दाट रान होते की भट्ट्या आणि जहाजबांधणी यांनीही ते आवरेना, म्हणून जो झाडे तोडील त्याला ती जमीन करमुक्त देऊन टाकली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन हा वैद्य औषधी खनिजांसाठी येथील खाणींत उतरला, तेव्हा त्याने छतातून ठिबकणारे हिरवट पाणी मडक्यांत गोळा करून वर नेणारे गुलाम पाहिले. ते पाणी आटवले की मोरचूद मिळे. स्कुरिओटिस्सा येथील खाणीत अलीकडेपर्यंत खनिजाच्या ढिगावर आम्लाचे पाणी सोडून, पाझरलेल्या द्रावणातून विजेने तांबे काढले जात होते. रसायन तेच, फक्त गुलामांच्या जागी पंप.

माणूस येथे पोहोचण्यापूर्वी बेटावर डुकराएवढे पाणघोडे आणि ठेंगणे हत्ती राहत होते. शिकारी श्वापदे नाहीत आणि चारा मर्यादित, अशा बेटावर मोठे शरीर परवडत नाही, म्हणून पोहत आलेल्या मोठ्या प्राण्यांचे वंशज पिढ्यानपिढ्या लहान होत गेले. उत्तर किनाऱ्यावरील लोक त्यांची हाडे संत फानूरिओसची समजून औषध म्हणून उगाळत, आणि म्हणूनच या पाणघोड्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी ‘फानूरिओस’ हे नाव दिले. दक्षिणेकडील अक्रोटिरी द्वीपकल्पावरील एका कड्याखाली सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या थरांत ५००हून अधिक पाणघोड्यांची हाडे आणि दगडी हत्यारे मिळाली. माणसांनी ते मारले की आधी मेलेल्यांच्या हाडांवर त्यांनी मुक्काम केला, यावर एकमत नाही.

त्यानंतर आलेल्या शेतकऱ्यांनी होड्यांतून प्राणीही आणले. शिलूरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्यापासून ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांचे मांजर नीट पुरलेले सापडले. बेटावर रानमांजर मुळात नव्हतेच, तेव्हा ते कोणीतरी समुद्र ओलांडून आणले, आणि तेही इजिप्तच्या पूजनीय मांजरांच्या हजारो वर्षे आधी. येथील रानमेंढी, जिला लोक ‘अग्रिनो’ म्हणतात, त्याच काळातील आयात मेंढ्यांचा रानात पसरलेला वंश आहे. पाफोसच्या जंगलात तिच्याच शेजारी आपल्या देवदाराचा आखूड सुयांचा भाऊबंद उभा आहे. तो जगात नैसर्गिकपणे फक्त येथेच वाढतो. पानाखाली सोनेरी रंग असलेला ओकही येथलाच, आणि तो ट्रूडोसच्या अग्निजन्य खडकांचीच जमीन पसंत करतो.

पुढचा राजकीय इतिहास मालक बदलत जाण्याचा आहे: इसवी सनपूर्व ५८ मध्ये रोम, मग बायझंटाइन, ११९१ साली इंग्लंडचा रिचर्ड, त्यानंतर लुसिन्याँ घराणे, १४८९ पासून व्हेनिस, १५७१ पासून ऑटोमन आणि १८७८ पासून ब्रिटिश. १९६० साली देश स्वतंत्र झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करताना भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांचे १९६५ साली येथेच निधन झाले. १९७४ साली बेट ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत विभागले गेले. दोन भागांमधल्या सुमारे १८० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ओस पडलेल्या गावांतून आता रानमेंढ्या चरतात.

पर्यटक मात्र बहुधा नैर्ऋत्य किनाऱ्यावरील पेट्रा तू रोमिऊ या खडकांपाशी थांबतात, कारण सौंदर्यदेवता अ‍ॅफ्रोडाइटी येथे फेसातून प्रकटली अशी कथा आहे. हे पांढरे सुळके ट्रूडोसचे नाहीत. ते २० कोटी वर्षांहून जुन्या प्रवाळ-चुनखडीचे असून दुसऱ्याच किनाऱ्याचा भाग होते. ट्रूडोसचा तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जवळपास ९० अंश फिरत सरकला, त्या काळात ते त्याला येऊन चिकटले. उथळ, कोमट समुद्रात जीवांच्या कवचांनी रचलेल्या या सुळक्यांवर लाटा फुटतात, तेव्हा त्यांच्या पायाशी आजही पुष्कळ फेस साचतो.