बदलते प्रदर्शन : काळ आणि समुद्र

बदलते प्रदर्शन : उद्घाटनाच्या दिवशी जे मांडले ते समारोपापर्यंत तसेच राहू नये, अशाच बेताने रचलेले समकालीन कलेचे प्रदर्शन. त्यातल्या कलाकृती वाढतात, झिजतात, गंजतात, वितळतात. काही मध्येच काढून घेतल्या जातात, काही नव्याने दाखल होतात. प्रदर्शन फिरते असेल तर मुक्कामागणिक त्यात त्या त्या गावाची भर पडते. काळ आणि समुद्र हे विषय या प्रकारात वारंवार जोडीने येतात. प्रस्तुत नोंद त्या जोडीविषयी आहे. नोंदीचा उत्तरार्ध सातारा जिल्ह्याकडे वळतो. या जिल्ह्याला किनारा नाही, पण समुद्राशी असलेले त्याचे नाते समजले जाते त्याहून बरेच जवळचे आहे.

कलाकृती पूर्ण झाली की ती बदलू नये, ही अपेक्षा १९६० च्या दशकात ढिली पडू लागली. हान्स हाके यांनी १९६३ ते १९६५ या काळात पारदर्शक बंद पेटीत थोडे पाणी ठेवले. दालनातल्या उष्णतेने पेटीच्या आतून थेंब धरत आणि ओघळत, आणि कोणत्याही दोन क्षणी ती पेटी सारखी दिसत नसे. रॉबर्ट मॉरिस यांनी मार्च १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गोदामात माती, पाणी, ग्रीस, कापूस, सुताचे गुंते असा ऐवज रोज हलवला, रोज बदलला आणि रोज त्याचे छायाचित्र घेतले. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात दगडमातीचा सर्पिल बांध घातला. तो लवकरच पाण्याखाली गेला, अनेक वर्षे दिसेनासा झाला आणि पातळी उतरल्यावर मिठाने पांढरा होऊन वर आला. हा समुद्र नव्हे. तरी पुढच्या समुद्रविषयक कामांची बरीचशी गुरुकिल्ली येथे सापडते. कलावंताने वस्तू ठेवायची आणि पुढचे काम पाण्यावर सोपवायचे.

समुद्रच का, याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. भिंतीवरच्या घड्याळाशी तिचे कधीच जुळत नाही. कोकणात यासाठी तोंडी हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि तेथून सव्वासहा तासांच्या आत ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. कॅलेंडर न छापताही चालणारे हे कालमापन आहे, आणि कलावंताला ते आयते मिळते.

अँटनी गॉर्मली यांनी ते सर्वांत थेट वापरले. इंग्लंडमधील क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर २००५ मध्ये बिडाचे १०० पुतळे सुमारे तीन किलोमीटर लांबीत उभे करण्यात आले. सगळे कलावंताच्याच शरीराचे साचे, सगळ्यांची तोंडे क्षितिजाकडे. ओहोटीला दूरवरचे पुतळेही चालत गाठता येतात. भरतीला काही कमरेपर्यंत, काही डोक्यावरून बुडतात. जवळून पाहिले तर प्रत्येकाची तब्येत निराळी. समुद्राकडच्या पुतळ्यांच्या अंगावर बार्नॅकल नावाच्या कवचधारी जिवांचे खडबडीत थर बसले आहेत, शेवाळ चढले आहे. वाळूकडचे नुसतेच तांबडे-तपकिरी गंजले आहेत. एकाच शरीरावरून घडलेली माणसे कोणत्या ओळीत उभी राहिली त्यावरून वेगळी झाली. जेसन डीकेअर्स टेलर यांनी २००६ मध्ये ग्रेनेडा बेटाजवळ आणि नंतर मेक्सिकोच्या कान्कुनजवळ सिमेंटची शिल्पे थेट समुद्रतळावर ठेवली. त्यांवर प्रवाळ धरते, मासे वस्तीला येतात आणि चेहरे हळूहळू ओळखेनासे होतात.

ओलाफर एलियासन यांनी भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्यासह ग्रीनलंडच्या समुद्रातून काढलेल्या बर्फाच्या १२ लाद्या २०१४ मध्ये कोपनहेगनच्या आणि २०१५ मध्ये, हवामान परिषदेच्या वेळी, पॅरिसच्या चौकात मांडल्या. मांडणी घड्याळाच्या तबकडीसारखी होती. लोक बर्फाला कान लावत, त्यात कोंडलेली जुनी हवा फुटताना ऐकत. लाद्या वितळल्या की प्रदर्शन संपले. बर्फ इतक्या दूर वाहून आणण्यातला कार्बनखर्च हा त्यावरचा रास्त आक्षेप आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. हिरोशी सुगिमोतो १९८० पासून जगभरच्या समुद्रांची कृष्णधवल छायाचित्रे घेत आले आहेत : अर्धे आकाश, अर्धे पाणी, मधोमध क्षितिज. काळ आणि समुद्र यांवरचे याहून एकाग्र काम सापडणे कठीण. पण ते बदलते नाही. उलट निळा उजेड, लाटांचा ध्वनिमुद्रित आवाज आणि पडद्यावर गोल गोल फिरणारी चित्रफीत यांनाही हल्ली ‘उत्क्रांत होणारे’ म्हटले जाते. कसोटी सोपी आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलेल्या प्रेक्षकाला पहिल्या भेटीत न दिसलेले किंवा आता उरले नाही असे काही आढळले पाहिजे. निवेदनपत्रात कितीही मोठे शब्द असोत, हे आढळत नसेल तर प्रदर्शन साधेच आहे, आणि साधे असण्यात काही कमीपणाही नाही.

भारतात या विषयाला मोठे व्यासपीठ मिळाले ते १२ डिसेंबर २०१२ रोजी केरळात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनामुळे. मुझिरिस हे मिऱ्याच्या व्यापाराचे प्राचीन बंदर. पहिल्याच बिएनालेत विवान सुंदरम यांनी पट्टणम येथील (मुझिरिस येथेच होते असे मानतात) उत्खननात निघालेल्या खापरांच्या तुकड्यांतून बुडालेल्या शहराचे मांडणशिल्प रचले. डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या, १०८ दिवस चाललेल्या आवृत्तीत चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी अ‍ॅस्पिनवॉल हाउसमधील गोदामात समुद्राचे पाणी भरले. प्रेक्षकाने पादत्राणे काढायची, पाण्यात उतरायचे आणि भिंतींवरच्या ओळी वाचत पलीकडच्या टोकापर्यंत जायचे. तेथे गालिप कुर्दी या सीरियन निर्वासित मुलाविषयीचा मजकूर होता. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या त्याच्या धाकट्या भावाचे, आलानचे, छायाचित्र जगभर छापले गेले. त्याच वेळी बुडालेल्या गालिपचे तसे छायाचित्र नव्हते. पाणी ढवळल्याशिवाय मजकुरापर्यंत पोहोचता येत नव्हते, आणि वाचून झाल्यावर त्याच पाण्यातून परत यावे लागे. मुंबईच्या कॅम्प या गटाने कच्छच्या आखातातील खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती वापरून काम केले. किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र आणि जहाजावरून दिसणारा समुद्र यांत किती अंतर आहे हे त्यातून कळते.

सातारा आणि समुद्र : महाबळेश्वरच्या पठारावर पडलेल्या पावसापुढे दोन समुद्र असतात. पूर्व उताराचे पाणी कृष्णेतून वाई, कराड, सांगली करत सुमारे १,४०० किलोमीटरवर आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिम कड्यावरून उतरलेले पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात, त्या मानाने लगेच पोहोचते. पंचगंगा मंदिरात या नद्यांचे प्रवाह एकाच गोमुखातून पडताना दाखवले आहेत. एकाच ठिकाणचे पाणी दोन वेगळ्या मुदतींनी समुद्राला मिळते हे तत्त्व तेथे केव्हाच मांडून ठेवलेले आहे.

कोयनेची कथा अधिक गुंतागुंतीची. निसर्गतः ती कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे ती पूर्ववाहिनी. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे उतरतो, वीज देऊन वाशिष्ठीत पडतो आणि चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीत जातो. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट ठरवली. माणसाने नदीचा समुद्रच बदलला, तोही आकड्यात बांधून. बदलत्या प्रदर्शनाला लागणारी दैनंदिनी येथे आपसूक तयार होते. पावसाळ्यात धरणाचा साठा आणि क्युसेकमधला विसर्ग रोज जाहीर होतो. खाली सांगलीत १९२९ सालच्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी हा घरोघरीचा प्रश्न असतो. ‘आयर्विनला किती झालं?’ एवढेच विचारले जाते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली. हे आकडे दालनात आणायचे तर नवे उपकरण लागणार नाही. मात्र ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यासमोर ते नुसती शोभा म्हणून मांडणे चालणार नाही, याचे भान हवे.

जमिनीचा काळ आणखी मागे जातो. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याच भूशास्त्रीय कालखंडात सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला आणि मधल्या जागेत अरबी समुद्र पसरत गेला. ज्याला साताऱ्यात आपण डोंगर म्हणतो, तो या समुद्राच्या जन्माचा साक्षीदार आहे.

इतिहासकाळातील धागे तुलनेने परिचित आहेत. कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, १७१३ मध्ये साताऱ्याच्या गादीने, शाहू महाराजांनी, मान्य केले. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. खाडीकाठच्या चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ सांगणारी ही घंटा कृष्णेच्या काठी आली, आणि ‘समुद्र’ व ‘काळ’ दोन्ही एका वस्तूत सापडावेत तर ती हीच. औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात (स्थापना १९३८) रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्पही आहे. आधुनिक कला मुंबई-पुण्यापलीकडे रुजत नाही, या तक्रारीला हे जुने उत्तर.

कालमापनाचे देशी साधन म्हणून घटिकापात्राचा उल्लेख आवश्यक आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडतात. छिद्रातून पाणी वर चढते, वाटी जड होत जाते आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, बुडते. ती उपसून पुन्हा सोडायची. अहोरात्रात ६० वेळा. लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा हेच वापरत. छिद्रात कचरा अडकला की घटका लांबे, त्यामुळे पात्राशेजारी जागते माणूस लागे.

व्यावहारिक बाजू : एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे पाणी उथळ परातीत ठेवले तर सातारा जिल्ह्यातच त्याचे दोन अगदी वेगळे शेवट होतील. माण तालुक्यात, जेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या घरात आहे, उन्हाळ्यात ते पाहता पाहता आटेल आणि तळाशी मिठाची पांढरी खपली धरेल. सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या महाबळेश्वरात जुलैमध्ये ते आटणार नाहीच. वाळलेले मीठ नेऊन ठेवले तरी हवेतला ओलावा ओढून त्याला पाणी सुटेल. म्हणून अशा प्रदर्शनात जागा आणि महिना हे दोन्ही साहित्यात मोजावे लागतात.

मुदतीची अडचण खरी आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनातही प्रदर्शने साधारण आठवडाभराची असतात, आणि उधाण ते भांग एवढे अंतर पाहायलाही तितका वेळ लागतो. पूर्ण चांद्रमास पाहायचा तर महिना हवा. खारे पाणी दालनाच्या फरशीला, विजेच्या जोडण्यांना आणि शेजारच्या धातूच्या कामांना बाधते, म्हणून मालक सहसा नाखूश असतात. जुने वाडे, गोदामे, बंद पडलेल्या गिरण्या या प्रकाराला मानवतात ते काही अंशी याच कारणाने. व्हेनिसमध्ये सान लोरेंझो हे पूर्वीचे चर्च २०१९ पासून समुद्रविषयक कलेसाठीच वापरले जाते.

संग्रहाचा प्रश्न वेगळाच आहे. वितळलेला बर्फ विकत घेता येत नाही. अशा वेळी छायाचित्रे, रोजच्या नोंदी आणि पुन्हा मांडणी कशी करायची याच्या लेखी सूचना हाच ऐवज उरतो. खरेदीदाराला मिळतो तो त्या सूचनांचा आणि मांडणीच्या हक्काचा कागद. मॉरिस यांच्या गोदामातील कामाची ओळख आज त्या रोजच्या छायाचित्रांवरूनच होते.