नाचरे बेडूक: घाटातले आणि बोर्निओतले

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर 'मेळघाटातला नाचरा बेडूक' फिरायला लागतो. ओल्या दगडावर बसलेला इवलासा बेडूक मागचा पाय ताणतो, बोटं फाकवतो, पुन्हा आखडतो. बाप्पा, तो मेळघाटातला नाही. एकतर पश्चिम घाटातला मिक्रिक्सॅलस असेल, नाहीतर थेट आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावरचा स्टॉरोइस.

दोघांचं कारण एकच. डोंगरी ओढ्याचा खळखळाट इतका की नराचा आवाज त्यात बुडून जातो, म्हणून पाय दाखवायचा. आपल्या बोडीत, बांधीत साचलेलं पाणी गप्प असतं, तिथं पिवळ्याजर्द बेडकाला निळे गालफुगे फुगवून रात्रभर ओरडलं की पुरतं. मात्र पाय दाखवतात म्हणून हे दोघे भाऊबंद ठरत नाहीत. स्टॉरोइस रॅनिडी कुळातला. मिक्रिक्सॅलसचं कूळच वेगळं आणि ते पश्चिम घाटाबाहेर जगात कुठंच नाही. एकच सवय दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडली.

ओळखायचं तर ताणलेला पाय पाहा. स्टॉरोइसच्या काही जातींत बोटांमधला पडदा पांढरा-निळसर चमकतो. घाटातला एकंदरीत मातकट-तपकिरी, दगडात मिसळून जाणारा. तो प्रतिस्पर्ध्याला खरोखरची लाथही घालतो. बोर्निओच्या स्टॉरोइस पार्व्हसवर प्रयोग झालेत: नराला टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक दिलं की पाय दाखवणं वाढतं.

मला खरी गंमत वाटते ती घाटातल्याच्या संसाराची. मादी मागच्या पायांनी ओढ्याच्या तळात खड्डा उकरते, त्यात अंडी घालते. त्यातल्या मिक्रिक्सॅलस हेरेइ या जातीचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्लं, वाळूतच राहतात, ईलसारखे लांबोडके, डोळ्यांवर कातडी चढलेले, आणि चक्क बरगड्या असलेले. हे 2016 मध्ये उघड झालं. त्याआधी 2014 मध्ये बेडूकतज्ज्ञ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी मिक्रिक्सॅलस या प्रजातीत एकदम 14 नव्या जाती नोंदवल्या, संख्या 24 वर गेली.

आपल्याकडचे बरेच नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात. तिथं पावसाच्या सरीबरोबर येऊन बोडीत अंडी घालणाऱ्या बेडकाचं निभतं. या दोघांना मात्र वरून सावली आणि दगडावरून वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. ओढा अडवला किंवा काठची झाडी तोडली, तर मिक्रिक्सॅलसला दुसरीकडे जायला जागा नाही. त्यातल्या बऱ्याच जाती घाटाच्या एखाद्याच पट्ट्यात सापडतात.