डोक्यात उशिरा साकळणारं रक्त आणि स्टेरॉईडचा जुना घोळ

डोक्याला लागल्यावर तीन-चार आठवड्यांनी पाय ओढायला लागतो, बोलताना शब्द सापडत नाहीत, घरच्यांना वाटतं वय झालं, आणि स्कॅनमधे निघतो क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे मेंदू आणि त्याच्या बाहेरच्या आवरणामधे हळूहळू साकळलेलं रक्त. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण या आजाराकडे सुरुवातीला मार लागल्याचा परिणाम म्हणून बघितलंच जात नव्हतं. १८५७ मधे एका जर्मन पॅथॉलॉजिस्टने याला मेंदूच्या आवरणाची सूज म्हटलं, म्हणजे मूळ दुखणं सूज आणि रक्त नंतर त्यातून झिरपलेलं. १९१४ मधे एका ब्रिटिश सर्जनने उलटं मांडलं की मार लागतो, शीर फाटते, रक्त त्यातून येतं. मार इतका किरकोळ असतो की म्हाताऱ्या माणसाला तो आठवतही नाही, त्यामुळे हा संबंध लक्षात यायला एवढा वेळ लागला असावा. १९७१ नंतर सीटी स्कॅन आला आणि निदान सोपं झालं.

पण सूजवाला मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. साकळलेल्या रक्ताभोवती नवीन पातळ पडदा तयार होतो, त्यातल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्या परत परत झिरपतात, म्हणजे सुरुवात माराने झाली तरी पुढे वाढवते ती सूजच. मग सूज आहे तर स्टेरॉईड द्या, असा सरळ विचार झाला आणि कित्येक वर्षं डेक्सामेथासोन दिलं गेलं, कुठे ऑपरेशनच्या जोडीला, कुठे ऑपरेशन टाळायला, आणि पक्का पुरावा हातात नसताना.

तो पुरावा २०२० मधे आला. ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमधे ७४८ रुग्ण होते, बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं, निम्म्यांना दोन आठवडे डेक्सामेथासोन आणि बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. परत ऑपरेशन करायची वेळ स्टेरॉईडवाल्यांत १.७ टक्के लोकांवर आली, दुसऱ्या गटात ७.१ टक्के. एवढंच वाचलं तर औषध जिंकलं. पण सहा महिन्यांनी बघितलं तर बऱ्या अवस्थेत असलेले स्टेरॉईडवाल्यांत ८३.९ टक्के आणि औषध न घेतलेल्यांत ९०.३ टक्के!! म्हणजे रक्त परत साकळलं नाही पण माणूस मात्र कमी सावरला. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण तोपर्यंत "रिकरन्स (रक्त परत साकळणं) कमी" म्हणजे "रुग्ण बरा" असं धरूनच चालत होते. २०२३ मधे नेदरलँड्समधल्या ट्रायलने ऑपरेशनऐवजी फक्त स्टेरॉईड देऊन बघितलं, ती वेळेआधी थांबवावी लागली, त्यात अर्ध्याहून जास्त जणांचं शेवटी ऑपरेशन करावंच लागलं आणि कॉम्प्लिकेशन्सही जास्त झाली.

याउलट एक साधी गोष्ट दोन्ही बाजूंनी टिकली. कवटीला भोकं पाडून रक्त काढल्यावर आत दोन दिवस ड्रेनची नळी ठेवायची. २००९ च्या ब्रिटिश ट्रायलमधे त्याने रिकरन्स २४ वरून ९.३ टक्क्यांवर आला आणि सहा महिन्यांतले मृत्यूही १८.१ वरून ८.६ टक्क्यांवर आले. गोळीपेक्षा ही नळी जास्त उपयोगी ठरली, तरी तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं.

सध्या चर्चा आहे एम्बोलायझेशनची, म्हणजे त्या पडद्याला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल आर्टरी आतून बंद करायची. २०२४ मधे अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या ट्रायलमधे ऑपरेशनला याची जोड दिली, तर ९० दिवसांत परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आलं. याच्या बातम्या खूप झाल्या. पण त्याच ट्रायलमधे ९० दिवसांनी ज्यांची अवस्था आधीपेक्षा ढासळलेली होती ते एम्बोलायझेशनवाल्यांत ११.९ टक्के होते आणि नुसत्या ऑपरेशनवाल्यांत ९.८, म्हणजे त्या बाबतीत फायदा दिसला नाही.